उर्बिकाच्या हातचं पाणी

मिर्ताले मरायला टेकली आहे, असा निरोप आला तेव्हा मी अंगणात हरभरे निवडत बसले होते. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "ढोंग!" दुसराही निघाला, पण तो सांगण्यासारखा नाही.

मला कोणी कठोर म्हणेल. म्हणू दे. तीन वर्षं भर नाट्यघरात माझी टिंगल उडवणाऱ्या बाईबद्दल मला मायेचा उमाळा यावा, अशी अपेक्षा देवानेही केली नसेल. मिर्ताले नकला करायची. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या उटिका गावात तिच्यासारखी नटी झाली नाही, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करायचे. तिचं नाव पुकारलं की उन्हाने तापलेल्या दगडी पायऱ्यांवर माणसं बूड भाजून घेत दिवसभर बसायची. आणि तिचा सगळ्यात गाजलेला खेळ कुठला? बाप्तिस्म्याचा. एका जाड्या नटाला हौदात बुडवायचं, बिशप म्हणून एक लुकडा दाढीवाला उभा करायचा, आणि त्याच्या शेजारी पंचा घेऊन एक म्हातारी. डाव्या पायाने लंगडणारी आणि दर शब्दाला नाक ओढणारी. ती म्हातारी म्हणजे मिर्ताले. आणि मिर्ताले जिची नक्कल करायची ती म्हातारी म्हणजे मी.

मी तो खेळ कधी पाहिला नाही. आम्ही ख्रिस्ती माणसं नाट्यघराची पायरी चढत नाही. पण बाजारात सारडिन मासे घ्यायला गेले की कोळी नाक ओढून भाव सांगायचा आणि मागच्या बायका तोंडात पदर कोंबायच्या. मग कळायला काय लागतं?

निरोप घेऊन आले होते आमचे धाकटे पुरोहित मिग्गिन. माणूस सज्जन, पण सशाच्या काळजाचा.

"उर्बिकाबाई, चला लवकर. ती बाप्तिस्मा मागतेय. बाईमाणसाची खोली आहे, मी एकटा कसा जाऊ?"

"ताप आहे की खेळ आहे?"

"एकदा तिचं तोंड तर बघा."

"तिचं तोंड बघायला अख्खं गाव पहाटेपासून जागा धरतं. मला नाही हौस."

पण उठले. उठावंच लागलं, कारण ते माझं कामच होतं. चर्चमध्ये विधवांचा एक बाक आहे, अगदी पुढे, वेदीच्या डाव्या हाताला. त्या बाकावर पहिली जागा माझी. बायकांचा बाप्तिस्मा असला की त्यांना प्रश्नांची उत्तरं पढवायची, अंगाला तेल लावायचं, हौदात उतरताना हात धरायचा, वर आल्या की पंच्यात गुंडाळायचं. पाण्याला मात्र हात लावायचा नाही. पाणी घालायचं ते बिशपने, फार तर पुरोहिताने. बाईने नाही म्हणजे नाही. नवरा गेला, दोन्ही मुलगे समुद्राने नेले, त्यानंतर माझ्या आयुष्यात तो बाकच उरला होता. बाहेर मी खारवलेल्या माशांच्या गल्लीत राहणारी लंगडी म्हातारी. त्या बाकावर बसले की मी कोणीतरी असायचे.

नटांचं दुखणं वेगळंच असतं. नटीच्या पोटी जन्माला आलेली पोर नटीच व्हायची, असा कायदा. नगराला खेळ हवेत, खेळाला माणसं हवीत, म्हणून नटांना ते काम सोडायची मुभा नाही. आणि चर्च म्हणतं, आधी नाट्यघर सोडा, मग बाप्तिस्मा. नगर सोडत नाही आणि चर्च घेत नाही. सुटकेची एकच फट सम्राटांनी ठेवली होती. नट मरणाच्या दारात असला तर त्याला बाप्तिस्मा द्यावा, आणि देवाने चुकून त्याला परत पाठवलंच, तर त्याला पुन्हा रंगमंचावर ओढू नये. फक्त तो खरंच मरतोय का, हे आधी नगराच्या माणसाने डोळ्यांनी बघून परवानगी द्यायची. कुणाच्या सुपीक डोक्यातून ही अट निघाली कोण जाणे. मरणाला काय, थांब म्हटलं की थांबतं!

मिर्तालेची खोली नाट्यघराच्या मागे, तेलाच्या घाण्याच्या वरच्या मजल्यावर. चढताना माझा गुडघा रडकुंडीला आला. आत ती चटईवर पडली होती. रंग न लावलेला तिचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते. साधा, थोडा लांबट, गालांवर देवीचे वण. उशाशी तिची मुलगी नोवेल्ला, नऊ-दहा वर्षांची पोर, ओलं फडकं घेऊन बसली होती. खाडी गाळाने बुजल्यापासून दर उन्हाळ्याच्या शेवटी गावात हा ताप येतो आणि माणसं उचलतो. पण मी मनातल्या मनात म्हणत होते, ही बाई काहीही करू शकते. हिला तापसुद्धा आणता येत असेल.

तेवढ्यात नगराचा माणूस आला. लार्गुस त्याचं नाव. खेळांची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. गोरागोमटा, घामट, वासाच्या तेलाने केस चोपडलेला. तो मिर्तालेजवळ उकिडवा बसला, तिचा हात उचलला, सोडला. हात धप्पकन खाली पडला.

"सुंदर!" तो म्हणाला.

"सुंदर काय?" मिग्गिन म्हणाले.

"अहो, विष प्यायलेल्या राणीच्या खेळात हात अस्साच पडतो. मी स्वतः रडलोय. दर वेळी रडतो."

"लार्गुस, ती मरतेय."

"कार्थेजच्या नटाची गोष्ट ऐकली ना तुम्ही? आठ दिवस मरत होता. बाप्तिस्मा घेतला, महिन्याभरात दारूचं दुकान टाकलं. ज्याने परवानगी दिली त्याची नोकरी गेली. मला तीन लेकरं आहेत." तो उठला. "उद्या सकाळी येतो. उद्याही मरत असली तर देतो परवानगी."

"आणि आज रात्रीच गेली तर?" मी विचारलं.

"तर आजीबाई, मी तिच्या अंत्ययात्रेला येईन. सगळ्यात पुढे असेन." आणि त्याने हे मनापासून म्हटलं. तीच तर पंचाईत. लार्गुस दुष्ट नव्हता. त्याला ती आवडायची, म्हणूनच त्याचा तिच्यावर विश्वास नव्हता.

तो गेला तसे मिग्गिन हात चोळायला लागले. परवानगीशिवाय पाणी घातलं तर नगर चर्चच्या दारात येणार, बिशप खेड्यावर गेलेले, ते उद्या परत येणार. "मी निरोप धाडतो," असं पुटपुटत तेही जिना उतरले. मी मात्र तिथेच राहिले. मला वाटतं, मला ढोंग उघडं पडलेलं बघायचं होतं. सगळे गेल्यावर ती उठून बसेल, पाणी मागेल, हसेल, आणि मग मी तिला असं काही सुनवेन की पुढच्या खेळात तिला माझी नक्कल करायची हिंमत होणार नाही.

ती उठली नाही. मी पोरीच्या हातून फडकं घेतलं आणि तिचं अंग पुसायला लागले. मी पुष्कळांची अंगं पुसली आहेत, जाणाऱ्यांची आणि गेलेल्यांची. तिच्या पायांची बोटं गार पडली होती आणि छाती भट्टीसारखी तापली होती. नखं निळसर झाली होती. माझा हात थांबला. हे कोणत्याही नटीला आणता येत नाही.

"मावशी," तिने डोळे न उघडता म्हटलं, "तुमचा राग आहे ना माझ्यावर?"

"आजाऱ्याने फार बोलू नये."

"पटलं वाटतं तुम्हाला." तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "जन्मभर खोटं खरं वाटावं म्हणून राबले. आता खरं आहे, तर लार्गुसला पटेना."

"गप पड."

"पोरीचं काय होणार, मावशी? नटी म्हणून मेले तर माझी जागा तिच्याकडे जाते. हिवाळ्याच्या खेळात तिला उभं करायचं त्यांनी ठरवूनही टाकलंय. ख्रिस्ती होऊन मेले तर ती ख्रिस्ती बाईची पोर. तिला कोणी हात लावू शकत नाही." तिने डोळे उघडले. "मला नाट्यघरात उभं केलं तेव्हा मी हिच्याएवढीच होते. पहिल्या दिवशी लोकांनी काय मागितलं माहीत आहे? कपडे काढायला सांगितले. काढले. मग सगळे हसले. मी पण हसले, मला वाटलं माझं काहीतरी चांगलं झालं."

मी पोरीकडे पाहिलं. ती कान टवकारून ऐकत होती. मी तिच्या हातात घागर दिली आणि विहिरीवर पाठवलं. घागर भरलेलीच होती. मी तिच्या देखत खिडकीतून रिकामी केली. पोर गेली. ती आली तेव्हा घागर घेऊन तिला पुन्हा खाली पाठवलं, घाण्यावरून थोडं तेल आण म्हणून.

आता कोणी म्हणेल, उर्बिका, तू काय विचार केलास? मी विचार केला नाही. विचार केला असता तर पाण्याला हात लावलाच नसता. मी तिच्या पाठीखाली हात घालून तिला पश्चिमेकडे वळवलं. खिडकीतून बुजलेली खाडी दिसत होती आणि तिच्यावर उतरतं ऊन. सैतानाला सोडायचं ते पश्चिमेकडे तोंड करून, ही आमची रीत.

"सैतानाला सोडतेस?"

"सोडते," ती म्हणाली, आणि नाक ओढलं.

माझं नाक. माझाच आवाज. 'सोडते'मधलं 'ते' म्हणताना माझा आवाज जरा वर चढतो, तसाच चढलेला.

"त्याच्या कामांना सोडतेस?"

"सोडते." पुन्हा नाक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मिर्ताले! मरतानाही माझी नक्कल करतेस?"

"नाही हो, मावशी." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मला हे शब्द दुसऱ्या आवाजात येतच नाहीत. तुमच्याकडूनच शिकले ना. तुम्ही चर्चच्या ओसरीत बायकांना पढवायचात, मी भिंतीपलीकडे उभी राहून ऐकायचे. आधी नकलेसाठी. नंतर नकलेचं काम झालं तरी येत राहिले."

मी तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. शेवटचा प्रश्न उरला होता. तो आम्ही सगळ्यांनाच विचारतो. तेली असो, कुंभार असो, सगळे भराभर उत्तर देऊन मोकळे होतात.

"आणि त्याच्या खेळतमाशांना, सोडतेस?"

ती गप्प झाली. इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं गेली. मी तिच्या तोंडाशी कान नेला. मग ती बोलली, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. जाडाभरडा, आतल्या डोंगरातल्या माणसांसारखा, शब्द तुटक. तिच्या आईने तिला ज्या आवाजात हाक मारली असेल, तसा.

"सोडते," ती म्हणाली. "सोडते मी."

मी तिला पूर्वेकडे वळवलं. पित्यावर विश्वास आहे? आहे. पुत्रावर? आहे. पवित्र आत्म्यावर? आहे. प्रत्येक उत्तराला मी ओंजळीने तिच्या डोक्यावर पाणी घातलं, तिन्ही नावं घेऊन, स्पष्ट. पोर तेल घेऊन आली तेव्हा मी तिच्या आईचे केस पुसत होते.

पहाटे ताप उतरला. चटई भिजून चिंब झाली, मिर्तालेने कूस बदलली आणि म्हणाली, "मावशी, भूक लागलीय हो." मला आनंद झाला म्हणू की धसका बसला म्हणू? दोन्ही झालं. मी जवाची पेज करायला बसले आणि मनाशी म्हणाले, देवा, तुझ्या मनात काय आहे ते मला आधी सांगत जा.

लार्गुस म्हटल्याप्रमाणे आला. मागोमाग मिग्गिन. मिर्ताले भिंतीला टेकून पेज पीत होती.

"वा!" लार्गुसने टाळी वाजवली. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. "मेलेली राणी पेज पिते! पाहिलंत, पुरोहितबुवा? परवानगी दिली असती तर आज मी कुठे असतो? मिर्ताले, तुला तोड नाही. आठ दिवस आराम कर, मग तालीम. पोरीलाही आण."

"मी येणार नाही," मिर्ताले म्हणाली. "मी बाप्तिस्मा घेतलाय."

लार्गुसने मिग्गिनांकडे पाहिलं. मिग्गिनांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी नाही! देवाशप्पथ... म्हणजे शपथ घेऊ नये, पण मी नाही!"

मग दोघांनीही घागरीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

बिशप रेस्तुतुस दुपारी खेड्याहून परतले ते पाय सुजवून. त्यांना सांध्यांचं दुखणं आहे. त्यामुळे सगळी सुनावणी त्यांनी मिठाच्या गरम पाण्याच्या परातीत पाय सोडून घेतली. ओसरीत आम्ही सगळे उभे: लार्गुस, मिग्गिन, पोरीला पोटाशी धरून मिर्ताले, आणि मी. बाकावरच्या इतर विधवाही दारात गोळा झाल्या होत्या. त्यांना अशा वेळी निरोप द्यावा लागत नाही.

लार्गुस चांगलं बोलला. परवानगी नव्हती, पुरोहित नव्हता, बाई मरतही नव्हती. "आणि बिशपमहाराज, बाप्तिस्मा म्हणाल तर नाट्यघरात हिने असे ढीगभर बाप्तिस्मे केलेत. तिथे तर हौद होता. ते खोटे आणि हा घागरीतला खरा, असं कसं? उद्या कोणीही म्हातारी घागर घेऊन निघेल आणि माझं नाट्यघर ओस पडेल. तुम्ही नुसतं म्हणा, बाईच्या हातचं पाणी चालत नाही. विषय संपला."

आता इथे आमच्या गावची गोम सांगायला हवी. समोरच्याच रस्त्यावर दुसरं एक चर्च आहे. तेही ख्रिस्ताचंच नाव घेतात आणि आमच्याशी बोलतही नाहीत. त्यांचं म्हणणं, डागाळलेल्या हाताने दिलेला बाप्तिस्मा फुकट. आमच्याकडचं कोणी तिकडे गेलं की ते त्याला पुन्हा धुऊन काढतात. आणि आमचे बिशप दर रविवारी घसा फोडून सांगतात की पाणी ख्रिस्ताचं असतं, ओतणारा हात कसाही असो.

बिशपांनी परातीतल्या पायांकडे पाहिलं. मग हसायला लागले. हसता हसता खोकले.

"लार्गुस, तू मला समोरच्या चर्चमध्ये पाठवायला निघालास की काय? हात चुकीचा म्हणून पाणी फुकट, असं मी आज म्हटलं, तर रविवारी तोंड कुठे लपवू?" मग त्यांचं हसू ओसरलं. "पण बाप्तिस्मा झाला की नाही, हे आधी कळायला हवं. उर्बिका, पुढे ये."

मी लंगडत पुढे गेले.

"नीट विचार करून बोल," ते हळू आवाजात म्हणाले. "तापलेल्या माणसाच्या डोक्यावर सगळेच पाणी शिंपडतात. तू तसंच शिंपडलं असशील तर तसं सांग. त्यात काही गुन्हा नाही. तुझी जागा तुला राहील."

"आणि हिचं?"

"हिला नाट्यघरात परत जावं लागेल. पोरीलाही."

"आणि तसं नसेल तर, बाबा?"

"बाईने पाण्याला हात लावला, तोही न विचारता. मी ते खपवून घेतलं तर उद्या माझ्या हातात काही राहणार नाही. तुझा बाक गेला, उर्बिका. कायमचा."

दारातल्या विधवा पुढे सरकल्या. खोटं कशाला सांगू? मी एक क्षण तो बाक डोळ्यांसमोर आणला, माझ्या बसण्याने गुळगुळीत झालेली ती कड, सणाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी मिळणारी भाकर, बायका वाकून विचारायच्या ते "उर्बिकाबाई, बऱ्या आहात ना?" या वयात दुसरं काय मिळणार होतं मला?

मी मिर्तालेकडे पाहिलं. भरल्या नाट्यघराला रडवणारी बाई. तिने एक हुंदका दिला असता, एकदा हात जोडले असते, तर ओसरीतली भिंतसुद्धा पाझरली असती. तिने काही केलं नाही. मान खाली घातली, पोरीच्या केसांत बोटं घातली आणि नुसती उभी राहिली. माझ्यावर तिने काही म्हणजे काही लादलं नाही. त्या क्षणी ती मला पोटच्या लेकीसारखी वाटली, हे मी उघड सांगते.

"ताप उतरवायला नव्हतं पाणी," मी म्हणाले. "प्रश्न विचारले, उत्तरं घेतली. तिन्ही नावं घेऊन तीनदा घातलं."

"आणि तिने खेळ केला नाही कशावरून?" लार्गुस मध्येच म्हणाला.

"बाबा रे, तीन वर्षं ही बाई माझ्या आवाजात बोलून तुम्हाला हसवत होती. काल पहिल्या दोन उत्तरांपर्यंत तोच आवाज होता. खेळतमाशांना सोडतेस का विचारलं, तेव्हा तो गेला. जो आला तो तू कधी ऐकलेला नाहीस. तो नाट्यघरात आणला असता तर लोकांनी तिला हुसकून लावलं असतं."

लार्गुसने मिर्तालेकडे पाहिलं. "कोणता आवाज?"

"हा," ती म्हणाली. एवढंच. जाडाभरडा, डोंगरातला.

लार्गुसचं तोंड उघडंच राहिलं. दोन्ही हातांनी त्याने केस मागे सारले, आणि मला वाटतं त्याच घडीला त्याला पटलं की आपली नटी गेली.

"बाप्तिस्मा झाला आहे," बिशप म्हणाले. "हात चुकीचा होता, पाणी बरोबर होतं. परवानगी घेतली नाही, त्याचा जाब मी देईन; सम्राटांना लिहायचं तर खुशाल लिही. पण बाप्तिस्मा झालेल्या बाईला आणि तिच्या पोरीला रंगमंचावर ओढू नये, हा कायदाही त्यांचाच आहे. रविवारी मी हिच्या डोक्यावर हात ठेवीन आणि जे राहिलं ते पुरं करीन."

"मग हिवाळ्यात मी लोकांना दाखवू काय?" लार्गुस म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तो गेला.

"आणि उर्बिका, तू दाराशी उभी राहा. प्रायश्चित्त घेणाऱ्यांत."

"बाबा, पश्चात्ताप नाहीच झाला तर?"

बिशपांनी परातीतून एक पाय काढला, त्याच्याकडे पाहिलं, परत बुडवला. "दाराशी वारा चांगला येतो," ते म्हणाले.

रविवारी मी दाराशी उभी राहिले. वारा येतो खरा, पण गुडघ्याला बाधतो. विधवा ओळीने आत गेल्या. माझ्या जागेवर बसायचा मान ज्या बाईला मिळाला होता तिने माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहायला तिला बरीच मान वळवावी लागली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. देवासाठी केलं की दुखत नाही, असं सांगणारे लोक बहुधा बसलेले असतात.

चर्च गच्च भरलं होतं. जे एरवी सणालाही फिरकत नाहीत तेही आले होते, आणि का आले होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. मिर्ताले आली, पांढऱ्या वस्त्रात, केस मोकळे, चेहरा कोरा. नोवेल्लाचा अजून बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून तिला दाराच्या आत जाता येत नव्हतं. मिर्तालेने तिला माझ्यापाशी सोडलं आणि उंबऱ्यावर थबकली. आतल्या सगळ्या माना मागे वळल्या. कोणीतरी आधीच खुसखुसलं, आता ही काहीतरी करणार म्हणून.

तिने माझा दंड धरला.

"मावशी, सगळे बघतायत."

"जन्मभर बघतच आलेत की."

"तेव्हा मला माहीत असायचं, काय करायचं ते. आता काय करू?"

"काही करायचं नाही," मी म्हणाले. "चालत जायचं आणि उभं राहायचं. जा."

मी तिला पाठीवर हात देऊन आत ढकललं. ती गेली. दोन्ही बाजूंना माणसं, मध्ये ती. खुसखुसणं थोडा वेळ चाललं, लोकांनी वाट पाहिली, आणि काही होत नाही म्हटल्यावर ते हळूहळू विरलं. ती वेदीपाशी पोचली आणि थांबली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी तिने ते नुसते खाली सोडले. बिशप सुजलेल्या पायांनी तिच्याकडे यायला निघाले. त्यांना वेळ लागत होता.

नोवेल्ला माझ्या कमरेएवढी. तिला पुढचं काही दिसत नव्हतं. तिने माझा पदर ओढला.

"आजी, आई काय करतेय?"

"काही नाही गं. उभी आहे," मी म्हणाले.

पोर माझ्या हाताला लोंबकळून चवड्यांवर उंच झाली आणि माणसांच्या फटीतून बराच वेळ बघत राहिली.

"छान उभी आहे," ती म्हणाली.